हंस बघायचा तर आधी काठ बघा

रंकाळ्याच्या दगडी घाटावर उभं राहून हंस शोधत असाल तर जागाच चुकली. पट्टकदंब, ज्याला आपल्याकडे सरसकट राजहंस म्हणतात, हा पोहता पोहता खाणारा पक्षी नव्हे. तो चरतो. आखूड गवत खुडतो, गव्हाचे कोंब आणि हरभऱ्याचे कोवळे शेंडे खातो, आणि पाण्यावर येतो तो मुख्यतः विसाव्याला, कुत्र्या-कोल्ह्यांच्या तावडीतून सुटायला. त्यामुळे तळं केवढं मोठं याला फारसा अर्थ नाही. काठ उतरता हवा, चिखलाचा हवा, पाणी मागं सरकल्यावर त्यावर बोटभर हिरवळ आलेली हवी, आणि पलीकडं दोन-तीनशे मीटर मोकळं रान हवं.

आपल्याकडची अडचण इथंच आहे. कोल्हापूरच्या भोवती ऊस. मान वर केली की लांबवरचं दिसलं पाहिजे, असा या पक्ष्याचा हिशेब. पुरुषभर उंच उसाच्या फडात तो कशाला उतरेल? रंकाळा, कळंबा, राजाराम तलाव इथं वारकरी, टिबुकली, हळदी-कुंकू बदक असे पाणपक्षी बघायला जरूर जा, पण हंसाची आशा बेताचीच ठेवा. धरणाचं पाणी उतरल्यावर जिथं गाळपेर होते, अशा जागा आधी धुंडाळा. मोठे थवेच बघायचे असतील तर उजनी, जायकवाडी किंवा हुबळीच्या पुढं गदग जिल्ह्यातलं मागडीचं तळं गाठावं.

काळ म्हणाल तर फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा पहिला पंधरवडा. हे पक्षी तिबेट, मंगोलियाकडून येतात आणि ऊन तापू लागलं की परत निघतात. निघण्याआधी चरबी साठवायची असते, म्हणून या दिवसांत चरणं वाढतं. हिमालय ओलांडताना ते 7,000 मीटरच्या वर गेल्याची नोंद आहे, पण बहुतेक प्रवास त्याहून बराच खालून, डोंगराच्या चढ-उताराला धरून होतो. विरळ हवेतही त्यांचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट पकडतं.

रात्री आणि पहाटे रानात चरून थवे सकाळी पाण्यावर परततात. मार्चच्या सुरुवातीला इकडं सूर्य पावणेसातनंतर उगवतो, म्हणजे सव्वासहाला तुम्ही बसलेले हवेत. बसायचं पूर्वेच्या काठावर, ऊन पाठीवर येईल असं. पश्चिमेला बसलात तर समोर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतील आणि डोक्यावरचे पट्टे गेले! नऊ-साडेनऊनंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते, मग दुर्बीण कितीही महाग असो, कडा स्पष्ट दिसत नाहीत. 8x42 ची, म्हणजे 8 पट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची दुर्बीण पुरे. 10 पटीची हातात हलते. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिवईवर लावायची एका डोळ्यानं बघायची दुर्बीण, असेल तर तिवई बुटकी ठेवून बसूनच बघा.

ओळख अवघड नाही. अंग राखाडी, डोकं पांढरं, त्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, मानेच्या कडेनं पांढरी उभी रेघ, चोच-पाय पिवळे-नारिंगी. लांबी 71 ते 76 सेंमी, म्हणजे शेजारी हळदी-कुंकू बदक असेल तर फरक लगेच कळतो. पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लांना मात्र हे पट्टे नसतात, डोक्यामागं नुसती मळकट काळपट छटा असते, आणि नवखे लोक त्यालाच वेगळी जात समजून बसतात. काठावर फिरणारे शुभ्र पांढरे हंस पाळीव असतात. आणि काणूक बदकाच्या इंग्रजी नावात ‘गूज’ आहे म्हणून फसू नका, ते जेमतेम कबुतराएवढं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते जवळ जाताना. भरावाच्या माथ्यावर उभं राहिलं की आभाळाच्या पार्श्वभूमीवर माणूस ठळक दिसतो, म्हणून माथ्याच्या जरा खाली बसावं. थव्याकडं सरळ चालत जाणं सर्वांत वाईट. तिरकं, मधे थांबत, कुठं दुसरीकडंच निघाल्यासारखं चालावं. बांधावर खुरपणाऱ्या बाईला हंस फारसं मोजत नाहीत, थांबून टक लावणाऱ्याला मोजतात. गाडीतूनच बघता आलं तर उत्तम, दार उघडायचं नाही. किमान दीडशे मीटर अंतर ठेवा. खाणं थांबवून एकेक करत माना ताठ झाल्या, तर तिथंच बसा. थवा पाण्याकडं चालू लागला, माना झटकू लागला, तर दहा-वीस पावलं मागं या. उडवून लावलेला थवा साठवायची चरबीच जाळतो, त्यामुळं ड्रोन आणि मोकळं सोडलेलं कुत्रं दोन्ही घरीच ठेवा. भडंग-पावही टाकू नका.

मोजणी करायची तर थवा बसलेला असताना. आधी नीट दहा मोजा, तेवढी जागा डोळ्यांत धरा, मग त्या मापानं पुढं सरका. सलग तीनदा मोजून मधला आकडा लिहा.

मोजताना गळेही बघत जा. मंगोलियात काही हंसांच्या गळ्यात अक्षर-आकड्यांची प्लॅस्टिकची पट्टी घालतात, आणि असे हंस कर्नाटकात दिसलेले आहेत. पट्टी दिसली तर रंग, अक्षर, आकडे, तारीख आणि जागा लिहून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. फोटो धूसर आला तरी चालेल, आकडा वाचता आला पाहिजे.