काळा धागा आधी का मरतो

आज दिवसभर दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या रेशमी वस्त्रासमोर बसून होते. लाल भाग ठणठणीत, पिवळा फिकटलेला, आणि काळा? बोट लागायच्या आधीच भुगा. बघणाऱ्याला वाटतं ओल किंवा कसर. पण इथे घात केलाय रंगवण्याच्या कृतीनंच. टॅनिनमध्ये, म्हणजे झाडाच्या सालीफळांतल्या तुरट द्रव्यात, लोहाचे क्षार घातले की गडद काळा मिळतो, आणि तेच लोह मग वर्षानुवर्षं धागा आतून खात राहतं. असला भाग धुवायच्या फंदात मी पडत नाही. मागे त्याच छटेचं तलम कापड लावून, केसासारख्या धाग्यानं टाके घालते. चार तासांत तळहाताएवढं झालं.

शेजारी एक तैलचित्र आहे. अतिनील दिव्याखाली जुनं वॉर्निश हिरवट चमकलं आणि आकाशात तीन काळे डाग उठून दिसले. नंतर कुणीतरी रंग भरलाय! एक्सआरएफनं, म्हणजे क्ष-किरण टाकून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्रानं, तिथे टायटॅनियम दाखवलं. टायटॅनियमचा पांढरा रंग बाजारात आला १९२० च्या आसपास, चित्र त्याच्या कितीतरी आधीचं.

(चित्रावरची मळी मात्र कापसाच्या बोळ्याला थुंकी लावून काढते. लाळेतली विकरं काम करतात. हसा खुशाल.)

वस्त्र दालनात जाताना ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाशाचं माप) वर प्रकाश नको, असं लिहून देणार आहे. अंधाराच्या तक्रारी येतीलच. उद्या लाल धाग्याचा कण क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे रंगातले घटक वेगळे करून ओळखायच्या चाचणीला. लाल आला कशातून, मंजिष्ठेच्या मुळातून की किरमिजी किड्यातून? माझी पैज मंजिष्ठेवर.