खुंटावरचे अठरा फुटवे

ओढ्याकाठचं ओलं गवताळ रान आल्डरनं, म्हणजे थंड प्रदेशात पाणथळ जागी वाढणाऱ्या एका झाडानं, व्यापलं होतं. आदल्या वर्षी दुसऱ्या एका तुकडीनं ते ‘साफ’ केलं होतं, म्हणजे ऐन हिवाळ्यात झाडं गुडघ्याएवढी ठेवून कापली होती. आम्ही पोचलो तेव्हा पहिल्याच खुंटावर अठरा फुटवे होते आणि सगळ्यात उंच फुटवा माझ्या खांद्याला लागत होता. एका झाडाची झाली होती जाळी.

हे असंच होणार होतं. पानं गळलेली असताना झाडाचा सगळा अन्नसाठा मुळांत आणि बुंध्यात असतो. तेव्हा कापलं की वसंतात तो साठा सुप्त डोळ्यांना मिळतो, आणि खुंट जितका उंच तितके डोळे जास्त. कापणी करायची ती भर उन्हाळ्यात, पानं पूर्ण उलगडल्यावर, जमिनीला जितकं टेकून जमेल तितकी. तरीही काही खुंट फुटतातच, कोवळी झाडं तर हमखास. हिवाळ्यात काम सोपं जातं, कारण पानांचा भार नसतो आणि जमीन कडक असते. पण ही सोय कापणाऱ्याची, रानाची नाही.

आधी जात ओळखणं भाग होतं. ब्लॅक आल्डरच्या पानाच्या टोकाला खाच असते आणि कोवळं पान बोटाला चिकटतं. ग्रे आल्डरचं पान टोकदार असतं, खालून करडं. हा फरक फार महत्त्वाचा, कारण ब्लॅक आल्डर खुंटातून फुटतो, पण ग्रे आल्डर मुळांतूनही पिलं काढतो. तो नुसता कापला तर काही मीटर अंतरावर नवी रोपं उभी राहतात. इथला होता ब्लॅक.

फुटलेला खुंट पुन्हा कापणं हे कटकटीचं काम. फुटवे एकेक करून मुळाशी कापायचे आणि लगेच प्रत्येक कापावर तणनाशक लावायचं. पाणी जवळ असल्यामुळे फवारणी नाही, ब्रशच. औषधही पाण्याकाठी वापरायला परवानगी असलेलंच. ट्रायक्लोपायर या तणनाशकाचं तेलातून लावायचं एस्टर रूप माशांना घातक असतं, ते अशा जागी आणूच नये. मात्रा लेबलवर असेल तेवढीच. मोठ्या खुंटावर औषध मधल्या लाकडाला लावून उपयोग नाही. सालीच्या आतली कडा, तेवढीच जिवंत असते. कापल्यावर आल्डरचं फिकट लाकूड थोड्याच वेळात नारिंगी-लाल होतं. मी त्याचंच घड्याळ करतो: रंग चढायच्या आत ब्रश फिरला पाहिजे. औषधात रंग मिसळला की राहिलेला काप लगेच दिसतो. अठरांतला एक सुटला तरी खुंट जगतो.

औषध चालणार नाही तिथे साल सोलायची. वीतभर रुंदीचा पट्टा पूर्ण गोल काढायचा आणि खालचा ओला, निसरडा थर खरवडून टाकायचा. चूक होते ती बुंध्याच्या घड्यांत. तिथे बोटाएवढी पट्टी राहिली तरी झाड तिच्यावर तग धरतं. पट्ट्याखालून फुटवे येतात तेही वेळोवेळी काढावे लागतात. उभं वाळणारं झाड कधीतरी पडणार, म्हणून वाटेजवळ हा उपाय नको.

फुटव्यांपेक्षा मला जास्त खटकल्या त्या यंत्राच्या चाकोऱ्या. पट्ट्यांच्या चाकांनी गवत उलटून माती उघडी पडली होती आणि त्याच रेषेत आल्डरची रोपं दाटीनं उगवली होती. बी बारीक आणि हलकं. वाऱ्यानं जातं, पाण्यावर तरंगत येतं, आणि रुजायला त्याला ओली उघडी माती व भरपूर ऊन लागतं. दाट गवतात ते टिकत नाही. ज्यांनी झाडं तोडली त्यांनीच पुढच्या झाडांचे वाफे तयार करून ठेवले, याचा राग अजून गेलेला नाही. जमीन भिजलेली असताना आम्ही रोपं हातानं उपटली. मुळांवर पोवळ्यासारख्या गाठी होत्या. त्यांत फ्रँकिया नावाचा जिवाणू असतो, तो हवेतलं नत्र झाडाला मिळवून देतो. म्हणून निकस मातीतही आल्डर फोफावतो आणि तो गेल्यावर तिथे खाजकुयलीचा भाऊ शोभेल अशी चावरी नेटल नावाची वनस्पती उठते. गवत कापून तिथेच टाकायचं नाही, बाहेर न्यायचं, म्हणजे साठलेलं नत्र हळूहळू उतरतं. चाकोऱ्यांवर तिथल्याच गवताचं बी टाकलं.

ओढ्याच्या वळणावरची तीन मोठी झाडं मात्र मी ठेवली. त्यांची मुळं पाण्याखालच्या मातीत उतरून काठ धरून आहेत, आणि कडक उन्हात सावलीनं पाणी गार राहतं. ती काढली असती तर काठ खचला असता. पण लहान फळांच्या सुकलेल्या बोंडांतून दर हिवाळ्यात तीच झाडं बी सोडणार, आणि खालचं मोकळं रान त्याच पाण्याच्या वाटेवर आहे. म्हणून पुढची तीन वर्षं, दर वसंतात एकदा आणि पाऊस पडून गेल्यावर एकदा, त्या पट्ट्यात रोपं उपटायला जायचं ठरवलंय. तीनांपैकी एक, सगळ्यात खालचं, काढायला हवं होतं का, हे अजून ठरत नाही.