एवढं शिकून शेवटी बागाच करणार ना?

लग्नात, बारशाला, रंकाळ्यावर कुणी ओळखीचं भेटलं तरी प्रश्न हाच. आर्किटेक्चरची पाच वर्षं, त्यावर आता लँडस्केपची दोन, आणि एवढं शिकून शेवटी बागाच करणार ना? आजवर हसून वेळ मारून नेली. आता नीट सांगते, तुम्ही विचारलंत म्हणून.

हो, बागाही करणार. त्यात कमीपणा काय, हे मला खरंच कळत नाही. टाऊन हॉलच्या बागेत भर उन्हाळ्यात जाऊन बघा. समोरच्या सीपीआर हॉस्पिटलमध्ये पेशंट घेऊन आलेली गावाकडची माणसं त्या झाडांखाली डबा सोडून बसलेली असतात. मला झाडांची चित्रं काढायचा नाद तिथेच लागला.

पण आमचा बराचसा वेळ जातो माती, उतार आणि पाणी वाचण्यात. इयन मॅकहार्ग या लँडस्केप आर्किटेक्टनी रुळवलेली एक पद्धत आहे: उतार, माती, पूर, झाडी यांचे वेगवेगळे पारदर्शक नकाशे एकमेकांवर ठेवायचे आणि मग बघायचं, कुठे बांधावं, कुठे हात लावू नये. अमेरिकेत बोस्टनमध्ये ओल्मस्टेड या लँडस्केप आर्किटेक्टनं 19व्या शतकात जी दलदलीची बाग घडवली, तीही मुळात पूर आणि सांडपाण्याचा प्रश्न सोडवायला. लोकांना दिसते ती बागच. मी असे नकाशे पहिल्यांदा पंचगंगेचे केले. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. 2019 ला पाणी 55 फुटांच्या पुढे गेलं, तेही तुम्ही पाहिलंय.

त्या पुरात आमच्या मळीतला, म्हणजे नदीकाठच्या रानातला, ऊस सडला. 2021 ला पुन्हा तेच. मग आण्णांनी, म्हणजे थोरल्या चुलत्यांनी, मळी विकायला काढली. घेणारा भराव टाकून बंगले बांधणार होता. दिवाळीला सगळे जमलेले असताना आण्णांनी प्लॉटचा कागद माझ्यापुढे ठेवला.

"तू शिकल्यालीस न्हवं? हितं लॉन आन कारंजं काढून दे. गिऱ्हाईक खूश हुतंय."

त्यांच्या आवाजात कौतुक होतं. माझ्या शिक्षणाचा काहीतरी उपयोग आहे, असं घरात पहिल्यांदाच कुणाला वाटलं होतं. मी म्हटलं, "आण्णा, ही जागा लाल रेषेच्या आत आहे. भराव पडला तर इथलं पाणी शेजारच्या वस्तीत शिरणार."

"निळ्या रेषेच्या भाईर हाय. कायद्यात बसतंय."

ते खरं होतं. निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि दोन्हींच्या मधे अटींवर बांधता येतं. तरी मी नाही म्हटलं. आण्णांनी कागदाची घडी घातली. "सोसायटीचं कर्ज काय तुझी नदी फेडणार व्हय?" बाबा गप्प होते. त्यांनी माझी बाजू घेतली नाही, आण्णांचीही नाही. आई पानं वाढायला उठली. तेव्हापासून आण्णा माझी खुशाली आईला विचारतात, मला नाही.

मी उद्धट वागले असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू दे. त्या कागदावर कारंजं काढणं मला जमलं नसतं.

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला असताना मीच नदीकाठाचा एक आराखडा केला होता. सलग दगडी कट्टे, दिवे, फरसबंदी. तेव्हाच्या मला आज चूक म्हणवत नाही. संध्याकाळी पाण्याकाठी टेकायला जागा माणसाला हवीच, रंकाळ्यावर गर्दी होते ती उगाच नाही. पण त्या आराखड्यात पावसाळाच नव्हता. आता मी काठाला करंज, जांभूळ, वाळुंज दाखवते आणि पाण्याला पसरायला मळी मोकळी सोडते. यावर तेव्हाची मी विचारेल, मोकळ्या मळीतून आण्णांच्या घरात पैसा कुठून येणार? ते माझ्या नकाशात कुठेच नाही.

प्रबंधाला तीच मळी घेतली आहे. अजून विकली गेलेली नाही. शेतकऱ्याचं उत्पन्न हा आपला विषय नव्हे, असं मला सांगितलं जातं. मला ते पटत नाही. पुरात तग धरेल असा चारा, बांबू, याचा हिशेब मांडून बघते आहे. उसाच्या जवळपास तो जात नाही. आण्णांसमोर ठेवावा असा आकडा अजून तरी निघालेला नाही.