कळलावी ओळखायची तर पानाचं टोक बघा

पोळ्याच्या आसपास आमच्याकडे नाल्याकाठी, धुऱ्यावरच्या बोरी-पळसात कळलावी फुलते आणि मग व्हॉट्सॲपवर फोटो सुरू, हे कोणतं फूल होय जी? आता फुलावरून तर कोणीही ओळखेल. सहा पाकळ्या, कडा नागमोडी, सगळ्या मागे वर वळलेल्या, बुडाशी पिवळ्या अन् टोकाला लाल, आणि जसजसं फूल जुनं होतं तसतशा लालच लाल होत जातात. मधला स्त्रीकेसर जवळून बघा, तो सरळ नसतोच, बुडापासून काटकोनात आडवा वळलेला असतो. मला तर त्या फुलात हेच सगळ्यात भारी वाटते.

पण खरी ओळख त्याच्या आधीची, जुलैतली, जेव्हा तरोट्याच्या गर्दीत नुसती हिरवी वेल असते. पान लांबट, देठ नाही, आणि टोक बारीक होत होत स्प्रिंगसारखं गुंडाळतं, त्यानंच ती शेजारच्या काडीला धरून वर चढते. हे टोक दिसलं की कंद उकरायला जाऊ नका, कारण सगळ्या झाडात कोल्चिसिन नावाचं विष असते, कंदात अन् बियांत जास्त, आणि लोक रताळ्यासारखं काही समजून खाऊन मेलेले आहेत. त्याच कोल्चिसिनची गाउटवर (सांधे सुजून दुखतात तो आजार) गोळी बनते, म्हणून तामिळनाडूत बियांसाठी हिची चक्क शेती होते (तिथलं राज्यफूलही हेच). जुन्या बाया बाळंतपण अडलं की कंद उगाळून पोटाला लावायच्या म्हणे, हे ऐकून सोडून द्यायचं, करून पाहायचं नाही.

सांदवाडीत लावायची असेल तर बी घ्या, जंगलातला कंद आणू नका, आधीच ओरबाडून कमी झालीय. शेंग उकलली की आत लालभडक बिया दिसतात. बी उगवायला लय वेळ लावते, पहिल्या वर्षी चार पानं अन् बोटाएवढा कंद, फुलं पुढच्या एक-दोन पावसाळ्यांनंतर. कंद हलवताना त्याचं टोक जपा, कोंब तिथूनच येतो, टोक तुटलं की संपलं. हात साबणानं धुवा, लहान लेकरं असतील तर कुंपणाबाहेरच लावा.

दिवाळीनंतर वेल पिवळी पडून वाळते, ती मेलेली नसते, खाली कंद असतो, पण पाणी बंद म्हणजे बंद, नाहीतर सडतो. मेमध्ये पारा ४५ ला गेला तरी त्याले फरक पडत नाही. कुंडीवर फक्त खूण करून ठेवा, घरातलं कोणीतरी रिकामी समजून मिरच्या लावूनच टाकते.