जिवंत आमिषाची टाकी बसवताना

मासेमारीच्या बोटीवर जिवंत आमिषासाठी टाकी बसवायची म्हटली की बहुतेकांचे लक्ष आधी पंपाकडे जाते. माझेही तसेच गेले होते. पहिली टाकी मी चौकोनी केली आणि तिला भरपूर ताकदीचा पंप लावला. दोन तासांनी झाकण उघडले तेव्हा निम्मे मासे एका कोपऱ्यात दाटीने साचलेले, तोंडाची टोके घासून लाल झालेली आणि पाण्यावर सुटे खवले तरंगत असलेले दिसले. पाणी सतत बदलत होते, तरीही प्रवाहाच्या जोराने मासे दमले होते आणि भिंतींवर आपटून जायबंदी झाले होते. तेव्हापासून टाकीचा आकार आणि पाणी बाहेर पडण्याची वाट या दोन गोष्टी मी पंपाच्या आधी ठरवतो.

टाकी गोल किंवा लंबगोल असावी आणि आतून गुळगुळीत असावी, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला गेला की त्याला संसर्ग लवकर होतो. पाणी एकाच जाड धारेने सोडण्याऐवजी उभ्या नळीला ओळीने बारीक भोके पाडून, भिंतीच्या कडेने तिरपे सोडावे. मग टाकीत संथ भोवरा फिरतो आणि सगळे मासे प्रवाहाकडे तोंड करून एकाच दिशेने पोहत राहतात. हे दृश्य दिसले की मांडणी जमली असे मी समजतो.

बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्यापेक्षा मोठा हवा. माझ्याकडे आत २० मिलिमीटर आणि बाहेर ४० मिलिमीटर व्यासाचा पाइप आहे. त्याच्या तोंडावर रुंद जाळी बसवावी, कारण एखादा मेलेला मासा किंवा खवल्यांचा थर तिथे अडकला की टाकी भरून वाहू लागते.

साधारण दहा मिनिटांत सगळे पाणी बदलावे, या हिशेबाने ८० लिटरच्या टाकीला तासाला ४८० लिटर पाणी लागते. पंपावर छापलेला आकडा मात्र पाणी उंच चढवायचे नसतानाचा असतो, म्हणून थोडा मोठा पंप घेऊन प्रवाह व्हॉल्व्हने आवरावा. साधा सेंट्रिफ्युगल पंप स्वतःहून पाणी ओढून घेत नाही, त्यामुळे तो पाण्याच्या पातळीखालीच बसवावा. बोटीच्या तळाला जिथून पाणी आत येते तिथे बंद करता येणारा व्हॉल्व्ह हवाच, कारण पाइप निसटला तर पाणी थेट बोटीत शिरते. पंपाच्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज लावावा.

भरलेल्या ८० लिटरच्या टाकीत ८० किलोहून थोडे जास्तच वजन असते, तेव्हा जागा निवडताना बोट एका बाजूला कलणार नाही हे पाहावे. टाकी झाकणापर्यंत काठोकाठ भरलेली ठेवावी. अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी हेलकावते आणि मासे पुन्हा भिंतींवर आपटतात. उन्हाळ्यात मी निम्मेच मासे ठेवतो, कारण गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना साडेसातच, आणि खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी.