लूव्हिन बंधू: आवाज जागेवर, चाल मात्र उडी मारते

सुटलं एकदाचं! आयरा आणि चार्ली लूव्हिन ही अमेरिकन कंट्री संगीतातली दोन आवाजांत गाणारी भावांची जोडी. त्यांच्या 'व्हेन आय स्टॉप ड्रीमिंग'च्या ध्रुवपदात आयरा नेमका कुठे आहे आणि चार्ली कुठे, हे दोन ओळींच्या सरगमीत मांडून झालं. काल रात्री आतेभावाबरोबर गाऊन पाहिलं आणि ते बसलंसुद्धा. मागच्या नोंदीत गाडी अडली होती ती इथेच.

अडचण अशी. हे दोघे गाताना मध्येच आपापली कामं बदलतात. चार्ली मूळ चाल गात असतो, आयरा त्याच्या वर तिसऱ्या सुरावर. चाल फार वर चढू लागली की अदलाबदल होते, आणि चार्लीच नंतर सांगायचा की त्यासाठी त्यांना एकमेकांना खुणावावंही लागत नसे. ही अदलाबदल कानाला जाणवते, पण कुठल्या अक्षरावर झाली ते पकडायला गेलं की निसटते. रेकॉर्डिंग १९५५चं, मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत. हल्लीची आवाज वेगळे करणारी सॉफ्टवेअरं वाद्यं एका बाजूला आणि गळे एका बाजूला काढून देतात, तेही बरं काढतात. पण दोन गळे, तेही सख्ख्या भावांचे, एकमेकांपासून सोडवायचे म्हटलं की ती हात टेकतात. मला प्रत्येक वेळी एकच जाडजूड आवाज मिळायचा आणि त्यात मधूनमधून आयराचा एखादा 'स'चा उच्चार तुटून पडलेला.

मग स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या क्षणी कुठले सूर वाजतात याचा आलेख, काढून नुसत्या रेषा वाचायला बसलो. तिथे वेगळाच घोळ. समजा, खालचा आवाज २०० हर्ट्झवर आहे. त्याच्यासोबत आपोआप वाजणारे वरचे सूर, म्हणजे उपस्वर, ४००, ६००, ८००, १०००. वरचा शुद्ध गांधाराच्या अंतरावर, म्हणजे २५० वर. त्याचे ५००, ७५०, १०००. मूळ सूर पहिला धरून मोजलं तर खालच्याचा पाचवा आणि वरच्याचा चौथा उपस्वर एकाच जागी येतात. अंतर थोडं बेसूर असेल तर तिथे दोन रेषा दिसतात आणि त्यांची थरथर दिसते. हे दोघे लांब धरलेल्या सुरावर असे काही मिळतात की तिथे एकच रेषा उरते, सरळ आणि ठळक. जितका सूर चांगला लागलेला, तितकं सोडवणं अवघड! तानपुऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गांधार ऐकू येतो तो हाच पाचवा उपस्वर, त्यामुळे आपल्या कानाला या जोडीची गोडी परकी वाटत नाही. हार्मोनियमवर ती सापडत नाही, कारण पेटीचा गांधार किंचित चढा असतो. म्हणून सराव तानपुऱ्यावरच करा, असं माझं ठाम मत आहे.

उपाय साधा निघाला. वरचे उपस्वर सोडून दिले आणि फक्त पहिले तीन पाहिले, कारण तिथे दोघांच्या रेषा वेगळ्या राहतात. मग कुठली रेषा कुणाची हे ठरवायला एकट्याच्या आवाजाचे नमुने घेतले. चार्लीसाठी जोडी फुटल्यानंतरच्या, म्हणजे १९६४च्या, एकल तबकड्या. आयरासाठी १९६५मध्ये त्याच्या मृत्यूनंतर आलेला एकल अल्बम. आयरा सुराला खालून किंचित मींड घेऊन भिडतो, चार्ली सरळ सुरावर उतरतो. एकदा हे दिसलं की रेषेच्या सुरुवातीचा बाकच सांगतो कुणाचा गळा आहे.

आता मूळ गंमत. अदलाबदल म्हणजे दोन रेषा कुठेतरी एकमेकींना छेदणार, आणि त्या छेदाची जागाच शोधायची, हे मी धरून चाललो होतो. ध्रुवपदाच्या उंच उडीपाशी पुढेमागे, अक्षर अक्षर करून पाहिलं. रेषा छेदतच नाहीत! आयरा सगळीकडे वरच आहे, चार्ली खालीच. बदलतं ते एवढंच की मूळ चाल खालच्या रेषेवरून वरच्या रेषेवर उडी मारते. चाल वर गेली की ती आयराच्या हाती लागते आणि चार्ली तिच्याखाली आधाराला सरकतो. वहीत चालीच्या सुरांभोवती लाल पेन्सिल फिरवली तेव्हा लाल रंग खालच्या ओळीतून वरच्या ओळीत चढला आणि ओळ संपताना परत उतरला. दोन्ही आवाज मात्र आपापल्या जागी.

हे त्यांना कुठून आलं, याचं उत्तर मला सँड माउंटनवर दिसतं. ईशान्य अलाबामातल्या हेनेगरला दोघे वाढले, आणि त्या भागात सेक्रेड हार्प, म्हणजे वाद्यांविना अनेक आवाजांत गायची सामूहिक भक्तिगीतं, ही गायकी घरोघर होती. तिथे चाल टेनरमध्ये, म्हणजे मधल्या आवाजात असते आणि ट्रेबल तिच्या वरून जातो. सगळ्यात उंच आवाज तीच चाल, ही सवय त्या कानांना लहानपणापासून नव्हती. फा, सोल, ला, मी या चार नावांनी आणि चार आकारांनी सूर वाचणारी ती माणसं. आपण सरगमीत लिहितो ते त्यांना लगेच कळलं असतं.

साहित्याबद्दल दोन शब्द. पन्नाशीच्या दशकातल्या मोनो तबकडीला एक मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) शंकूच्या टोकाची सुई लावा. बारीक स्टीरिओ सुई खोबणीच्या तळाशी जाऊन खरखर उपसते. कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, स्टीरिओ असेल तर दोन्ही बाजू एकत्र करून मोनो करा, उभ्या दिशेचा बराच आवाज आपोआप कटतो. वेग तपासायच्या चकतीवर पन्नास हर्ट्झचं वर्तुळ पाहा आणि साधा पिवळा बल्ब वापरा. चांगल्या एलईडीखाली रेघा थांबलेल्या दिसतच नाहीत. त्यांची गाणी काढणाऱ्या कॅपिटॉल कंपनीने १९६१पासून ड्युओफोनिक नावाने मोनोचं कृत्रिम स्टीरिओ करायला घेतलं. त्या शिक्क्याची तबकडी या कामाला घेऊ नका. परदेशातल्या एका विक्रेत्याने तसली एक मला 'मूळ मोनो' म्हणून पाठवली आहे, तिचं काय करायचं ते पाहतो आहे. तबकड्यांच्या मागे लागायचं नसेल तर बेअर फॅमिली या कंपनीने काढलेला त्यांच्या गाण्यांचा आठ सीडींचा संच घ्या, पैसा वसूल.

पुढचा बेत खरं तर १९५६चा 'ट्रॅजिक साँग्ज ऑफ लाइफ' पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत उतरवायचा होता. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, आधी मागे जावं. कॅपिटॉलवर १९५२पासून १९५५पर्यंत त्यांना फक्त भक्तिगीतंच करायला मिळाली. त्याआधी एमजीएम या दुसऱ्या कंपनीवरची १९५१-५२ची गाणी, 'द ग्रेट अॅटॉमिक पॉवर' वगैरे. चालीची ही उडी तिथेच पक्की झालेली आहे का, की प्रेमगीतांच्या उंच चालींनी ती भाग पाडली? हे आधी कळलं तर पुढच्या अल्बममध्ये काय शोधायचं ते कळेल. आणि हो, मेंडोलिनमुळे खप कमी होतो असं निर्माता केन नेल्सन म्हणाला आणि आयराने ती बाजूला ठेवली, त्या आधीचं आणि नंतरचं एकेक गाणंही ताडून पाहायचं आहे. मला त्या सल्ल्याचा आजही राग येतो. आयराची मेंडोलिन ही त्या दोन रेषांवरची तिसरी रेषा आहे, आणि ती मला वहीत वेगळ्या रंगाने उतरवायची आहे.

एमजीएमची ७८ फेऱ्यांची तबकडी कुणाकडे बऱ्या अवस्थेत असेल तर तीन मिलच्या सुईने उतरवून सपाट फाइल पाठवा, आवाज साफ न करता. गाळणी लावली की पहिल्या तीन उपस्वरांच्या कडा बोथट होतात आणि आयराची मींड दिसत नाही.