आमची वाटचाल : ट्वायझलमधलं आमचं गॅरेज

न्यूझीलंडच्या साउथ आयलंडमध्ये, मॅकेन्झीच्या उघड्या पठारावर आमचं ट्वायझल आहे. हे गाव टिकायचंच नव्हतं. १९६८ साली सरकारनं वरच्या वैताकी खोऱ्यातल्या जलविद्युत प्रकल्पाच्या कामगारांसाठी ते वसवलं आणि काम संपलं की मोडायचं, असं तेव्हाच ठरवून ठेवलं. ऐन भरात इथं सहा हजारांच्या आसपास वस्ती होती. मोडायची वेळ जवळ आली तसे लोक अडून बसले आणि १९८३ मध्ये गाव राखायचं ठरलं. आमची शेड मूळची त्या अडून बसलेल्यांपैकी एकाची.

ते प्रकल्पावरचे फिटर. धरणाच्या कामाला आले ते इथलेच झाले. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हात काळे केलेला माणूस, हे कळल्यावर त्यांनी सर्टिफिकेट मागितलं नाही. एक गिअरबॉक्स पुढ्यात ठेवला आणि स्वतः चहा करायला गेले. पुढं भागीदारी झाली, मग शेड आमच्या नावावर झाली. आमची मुलगी त्यांना आजोबाच म्हणते. अजूनही दहाच्या स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीला, ते येतात आणि कोणी टॉर्क रेंच (नट ठरावीक जोरानं आवळायचा पाना) सैल न करता टांगला असेल तर न बोलता काढून सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवतात. त्या रेंचच्या दांड्यावरचे आकडे झिजलेत, पण कॅलिब्रेशनला पाठवला की दर वेळी पास.

थंडी मला त्यांनीच शिकवली. जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, पहाटे पारा उणे दहाच्या खालीही जातो. अशा गावात रिफ्रॅक्टोमीटर (इंजिन थंड ठेवणारं ग्लायकॉल-पाणी, म्हणजे कुलंट, किती थंडीत गोठेल ते दाखवणारं यंत्र) नसलेलं गॅरेज म्हणजे वजनकाटा नसलेलं सराफाचं दुकान. काचेवर कुलंटचा एक थेंब टाकायचा, झाकण मिटायचं, उजेडाकडं धरून बघायचं. निळ्या-पांढऱ्याची रेघ जिथं पडते तिथं तुमचं इंजिन किती थंडी सोसेल ते कळतं. ग्लायकॉल-पाणी निम्मं-निम्मं असेल तर उणे ३७ पर्यंत काळजी नाही.

आणि डिझेलवाल्यांनो, उत्तरेकडच्या उबदार ऑकलंडकडं भरलेल्या टाकीवर इथं रात्र काढू नका. ते डिझेल थंडीत मेण धरतं, फिल्टर चोंदतो आणि सकाळी गाडी नुसती घरघरते. टाकी इथं येऊन भरा, इथं थंडीत न गोठणारं हिवाळी डिझेल मिळतं. माउंट कुकला जाणाऱ्यांनी गाडीपाशी केआ पोपटांना खायला घालू नये, वायपरचं रबर आणि खिडकीची पट्टी सोलून काढतात.

मधली वर्षं चांगली गेली. वॉरंट ऑफ फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याची सक्तीची तपासणी), टायर, ब्रेक, बर्फात चाकांना लावायच्या चेन.

मग २०२०. शहरातल्या एका कॅम्परव्हॅन कंपनीचं काम आम्ही बरीच वर्षं करत होतो. लिंडिस पास या घाटात रात्री गाडी बंद पडली की फोन आम्हाला. बर्फात उताणं पडून चेन कुणी सोडवल्या? आमच्याच पोरांनी. मार्चमध्ये सीमा बंद झाल्या, २५ तारखेच्या रात्री देश बंद झाला आणि त्या कंपनीचा फोनही. त्यांच्या व्हॅन आमच्या आवारात आणि थकलेली बिलं आमच्या ड्रॉवरमध्ये. बायको हिशेब बघते, तिनं पाठवलेल्या एकाही ईमेलला उत्तर आलं नाही. सरकारचं वेतन-अनुदान होतं, पूर्ण वेळच्या माणसाला आठवड्याला ५८५ डॉलर ८० सेंट. त्यावर पोरांचे पगार निघाले, शेडचा हप्ता नाही.

तो हप्ता निघाला ओमारामाच्या बाजूच्या एका मेरिनो मेंढ्यांच्या स्टेशनवरून, म्हणजे मोठ्या शेतावरून. शेती अत्यावश्यक होती, त्यामुळं त्यांचं काम करायची मुभा होती. त्या शेतकऱ्यानं घाई नसलेले क्वाड (चारचाकी शेतबाइक), ट्रॅक्टर, अगदी लोकर दाबायच्या प्रेसचं हायड्रॉलिकसुद्धा आमच्याकडं काढलं, आणि बिल हातात पडल्याच्या दिवशी पैसे. मेहरबानी केल्याचा आव कधी नाही. त्यांच्या गाडीला आजही रांग नाही.

२०२२ मध्ये पर्यटक परतले तशी ती कंपनीही परतली, पण काम दिलं बाहेरगावच्या एका फिरत्या सर्व्हिसवाल्याला, कारण आम्ही म्हणे ‘फार लहान’. पुढच्या हिवाळ्यात त्याच्या हातची एक व्हॅन टो करून आमच्याच दारात आली. थेंब काचेवर टाकला तर रेघ उणे पाचच्याही वर. नुसत्या पाण्यानं टॉप-अप करत गेला होता. ब्लॉकची वेल्श प्लग (इंजिनच्या भोकावरची पत्र्याची बूच) बाहेर फेकली गेलेली, होज फुगून टणक झालेला. आत एक कुटुंब, लहान मूल. आम्ही आधी त्यांना हीटरपाशी बसवलं, मग बॉनेटचा फोटो काढून कंपनीला पाठवला. काम रोखीनं केलं.

यंदा हिवाळ्याआधी त्यांच्या नव्या मॅनेजरनं करारासाठी विचारलं. बायकोनं २०२० ची बिलं जोडून पाठवली आणि आधी ही भागवा, मग बोलू असं लिहिलं. अजून उत्तर नाही. दरम्यान कुलंट तपासायचं असेल तर शेडवर या, गाडी कुठल्याही कंपनीची असो, त्याचे आम्ही पैसे घेत नाही.